‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये एका माणसाने माझ्यासमोर खिशातली डायरी ठेवली. विमा एजंट नववर्षाला वाटतात तसली, छोटी, घामाने फुगलेली. तिच्यात सहा तारखांपुढे बॉलपेनने वेळा लिहिल्या होत्या. आत ६.५०, बाहेर ३.३५. माझ्या लॅपटॉपवर त्याच सहा तारखांपुढे शून्य होतं.

“मॅडम, मी सहाही दिवस आलोय. मशीन अंगठा घेत नव्हतं, वॉचमनने आत सोडलं.”

“काका, मग वॉचमनच्या रजिस्टरमध्ये असेल ना?”

“असेल की. पण पगार तर मशीनवर निघतो.”

त्यांनी अंगठा पुढे केला. डीबरिंगवर वर्षानुवर्षं काम केलेला अंगठा होता तो. धातूच्या कडा घासून आणि कूलंटमध्ये भिजून रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. सहा दिवसांचा पगार गेला होता. शिवाय महिनाभर खाडा न केल्यास मिळणारा हजेरी बोनसही.

त्या पगारपत्रकाची क्वेरी मी लिहिली होती. मशीन कोणाचं, ठेकेदार कोण, हे इथे महत्त्वाचं नाही. शून्य मी लिहिलं होतं, म्हणून हा लेखही मीच लिहायला हवा.

एका ओळीची गोष्ट

डेटाबेसशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एका तक्त्यात कामगारांची नावं असतात, दुसऱ्यात हजेरीच्या नोंदी. पगार काढायचा तर दोन्ही जोडावे लागतात. याला जॉइन म्हणतात.

पहिल्यांदा मी इनर जॉइन लावला. त्यात दोन्हीकडे जे सापडतं तेवढंच उरतं. ज्याची महिनाभरात एकही नोंद नाही, तो माणूस यादीतूनच गायब. हे टेस्टिंगमध्ये लक्षात आलं. मग मी लेफ्ट जॉइन वापरला. प्रत्येक कामगार आणि महिन्यातला प्रत्येक दिवस अशी यादी डावीकडे घेतली, हजेरी उजवीकडे. लेफ्ट जॉइनचा नियम असा, की डाव्या बाजूचं कोणीही गळत नाही. उजवीकडे जोडीदार सापडला नाही, तर त्या रकान्यात ‘नल’ येतं. नल म्हणजे इथे काहीच नोंदलेलं नाही.

पण नल पगारपत्रकात चालत नाही. नलला रोजच्या दराने गुणलं की उत्तर पुन्हा नलच. म्हणून मी कोअलेस हे फंक्शन लावलं. त्याचा अर्थ, किंमत असेल तर ती घे, नसेल तर मी सांगते ती घे. मी सांगितलं, शून्य. एका ओळीचं काम. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही, मीही दुसऱ्यांच्या कोडमध्ये अशा ओळीवर कधी बोलले नव्हते.

त्या ओळीने ‘माहीत नाही’चं रूपांतर ‘नाही’मध्ये केलं होतं, आणि सकाळी सहाला बस पकडून आलेल्या माणसाचा खाडा मांडला होता.

निरंक, लागू नाही, उपलब्ध नाही

गंमत म्हणजे हा फरक आपल्या सरकारी मराठीला चांगला ठाऊक आहे. कार्यालयातून माहिती मागवली आणि एकही प्रकरण नसेल, तर ‘निरंक’ लिहून पाठवतात. निरंक म्हणजे आम्ही बघितलं, मोजलं आणि एकही निघालं नाही. अर्जात अविवाहित माणूस जोडीदाराच्या नावापुढे ‘लागू नाही’ लिहितो. आणि कागद सापडत नसतील, तर उत्तर येतं, ‘माहिती उपलब्ध नाही’. तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी. आपण या भाषेची कितीही थट्टा केली, तरी रिकामी चौकट का रिकामी आहे, हे ती विचारते.

डेटाबेसने मात्र शेवटच्या दोन गोष्टी एकाच खुणेत कोंबल्या. ज्या रिलेशनल पद्धतीवर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत, ती आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. नसलेल्या माहितीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पुढेही छळत राहिला. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. किंमत आहे पण आपल्याकडे नाही, याची एक. इथे किंमत असूच शकत नाही, याची दुसरी. एसक्यूएलने हे घेतलं नाही. तिथे एकच नल राहिलं. ख्रिस डेट यांच्यासारखे जाणकार तर म्हणत आले, की नल ही कल्पनाच चुकीची आहे.

नवशिके नलला शिव्या घालतात. मीही घातल्यात. दोन कामगारांचे फोन नंबर नल असतील आणि ‘हे दोन नंबर सारखे आहेत का?’ असं विचारलं, तर डेटाबेस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, अज्ञात. ‘जे या यादीत नाहीत त्यांना दाखव’ असं सांगितलं आणि यादीत एक जरी नल असेल, तर उत्तरात एकही नाव येत नाही. कारण ते रिकामं नाव यांच्यापैकी कोणाचंही असू शकतं. कॉलेजात हे मूर्खपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्या सगळ्या खटाटोपात प्रामाणिक असं तेवढंच होतं. ते ‘मला माहीत नाही’ म्हणत होतं आणि मी त्याला गप्प केलं.

अंधारातला घडा

‘नसणं’ आपल्याला कळतं कसं, हा प्रश्न जुना आहे. न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानलं आणि त्याचे प्रकार पाडले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ते चार आहेत. घडा बनण्याआधीचा अभाव तो प्रागभाव. फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. वायूमध्ये रंग कधीच नसतो, तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्या कामगाराची हजेरी, काम सोडून गेलेल्याची हजेरी आणि मशीनची हजेरी, यांतला फरक अन्नंभट्टाला सांगावा लागला नसता. माझ्या तक्त्यात तिन्ही ठिकाणी एकच नल होतं.

पण मला जास्त उपयोगी पडला तो मीमांसकांचा मुद्दा. कुमारिल भट्टाच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे ज्ञानाचं वेगळं साधन मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही हे कळतं. नैयायिकांना हे वेगळं साधन वाटत नाही, आणि तो वाद मोठा आहे. मात्र एक अट महत्त्वाची आहे. न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे ती वस्तू तिथे असती, तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. भर दुपारी अंगणात घडा दिसला नाही, तर तो नाही. काळोख्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

काकांचा अंगठा आणि ते मशीन, ही काळोखी खोली होती. ज्या यंत्राला तो अंगठा दिसतच नव्हता, त्याला तो दिसला नाही, यावरून माणूस आला नव्हता हे ठरणार कसं?

तेव्हापासून मी कुठल्याही रिकाम्या चौकटीत शून्य भरण्याआधी एकच प्रश्न विचारते. असता, तर दिसला असता का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण तो क्वेरीत लिहिता येतो. त्या दिवशी त्या गेटच्या मशीनने इतरांच्या नोंदी पाठवल्या का? या माणसाचा अंगठा गेल्या महिन्यात किती दिवस लागला होता? दोन्हींची उत्तरं चांगली असतील, तर ते शून्य खरं असण्याची शक्यता मोठी. नसतील, तर ते शून्य म्हणजे आपण केलेला दावा आहे.

डावीकडे कोण

हे फक्त एका कारखान्यापुरतं असतं, तर मी लिहिलं नसतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मला पहिली नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. आम्ही भोसरीत राहतो. घराच्या गच्चीवरून नाशिक हायवे दिसतो. डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुलं घेऊन चालत निघालेली माणसं मी तिथून पाहिली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. ते सोळा मोजले गेले, कारण ते एकत्र आणि रुळांवर गेले. जे एकेकटे कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला गेले, त्यांचं काय?

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत हा प्रश्न विचारला गेला. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर असं होतं, की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

या उत्तराचा पहिला भाग नल आहे. तो एक वेळ प्रामाणिक म्हणता येईल. दुसरा भाग कोअलेस आहे. ‘माहीत नाही’ आत गेलं आणि शून्य रुपये बाहेर आले.

पुढच्या वर्षी, २६ ऑगस्ट २०२१ ला, असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. आज त्यावर ३० कोटींहून जास्त नोंदी आहेत. याला मी कमी लेखत नाही. लेफ्ट जॉइनमध्ये डाव्या बाजूचं कोणी गळत नाही, पण डावीकडे यायला आधी तक्त्यात नाव लागतं. हजेरी डावीकडे ठेवली, तर यंत्राला दिसलेलीच माणसं उरतात. माणसं डावीकडे ठेवली, तर यंत्राचं न दिसणंही दिसायला लागतं.

मग भरायचं काय?

माझ्या टीम लीडने विचारलं ते चुकीचं नव्हतं. “सात तारखेला पगार करायचाय. नलचा चेक काढणार का?” खरोखर गैरहजर असलेलेही असतात. प्रत्येक रिकाम्या चौकटीत आठ तास भरले, तर तेही खोटंच. शून्यासारखंच, फक्त दुसऱ्या बाजूचं. शेवटी कोणाला तरी आकडा लिहावाच लागतो.

हे मला मान्य आहे. पण आकडा लिहावा लागणं वेगळं आणि तो आपोआप लिहिला जाणं वेगळं. माझे बाबा भोसरीत लेथवर होते. त्यांच्या वेळी पंचिंगचं कार्ड असायचं. पंच उमटला नाही, तर टाइम ऑफिसचे क्लार्क लाल पेनने वेळ लिहून सही करायचे. तिथेही चुका व्हायच्या, भांडणंही. पण कोरी चौकट बाबांच्या हातात असायची. ती दोघांना दिसायची, आणि ती भरणाऱ्याचं नाव तिच्या शेजारी असायचं. माझ्या ओळीत कोणाचंच नाव नव्हतं.

शिवाय, न कळण्याची किंमत कोणी मोजायची? मशीन कामगाराने निवडलं नव्हतं, क्वेरी त्याने लिहिली नव्हती. त्याच्याकडे होती ती एक डायरी. ज्याने बघण्याची यंत्रणा उभी केली, तिच्या अंधारातला तोटाही आधी त्यानेच सोसावा, असं मला वाटतं. शंका असेल तर आधी पगार द्या, चौकशी मागाहून करा. टीम लीडला हे अजून पटलेलं नाही. ठरलं ते इतकंच. आता नल शून्य होत नाही, ते वेगळ्या यादीत जातं. पाच तारखेपर्यंत सुपरवायझर गेटचं रजिस्टर बघून ‘आला’ किंवा ‘खाडा’ लिहितो, खाली स्वतःचं नाव टाकतो. ती यादी नोटीस बोर्डावरही लागते. दर महिन्याला दोनेक तास जास्त लागतात आणि त्याबद्दल मला बोलणी बसतात.

काकांना सहा दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. हजेरी बोनस मिळाला नाही. तो नियमात बसत नव्हता.

एक गोष्ट राहिली. ती जुनी ओळ चौदा महिने चालली होती. किती जणांचे दिवस तिने खाल्ले, हे शोधायला मी एका रविवारी बसले. पण रिपोर्टच्या तक्त्यात शून्यंच साठवलेली होती आणि मशीनच्या मूळ नोंदी तोवर पुसल्या गेल्या होत्या. खरा खाडा आणि न उमटलेला अंगठा, दोन्ही आता एकसारखे दिसत होते. मी गेटची रजिस्टरं मागितली. चार महिन्यांची मिळाली, ती मी अजून बघते आहे. उरलेल्या दहा महिन्यांचा आकडा टीम लीडने मेलवर मागितला, तेव्हा ‘निरंक’ लिहून मोकळं होता आलं असतं.

मी लिहिलं, “माहिती उपलब्ध नाही.” आणि खाली माझं नाव लिहिलं.