पाचवे शील आणि 'पमाद'



विहारात पंचशील ग्रहण करताना पहिली चार शीले खणखणीत आवाजात म्हटली जातात. पाचव्यापाशी आले की काही पुरुषांचा आवाज खाली जातो. आपल्या माताभगिनींच्या हे ध्यानात येत नाही असे कोणी समजू नये.

या शीलातील 'पमाद' हा पाली शब्द नीट समजून घेतला पाहिजे. पमाद म्हणजे बेसावधपणा, मनावरचा ताबा सुटणे. मद्य हे त्याचे ठिकाण. अमुक वस्तू विटाळाची, तमुक पवित्र ही भगवान बुद्धांची भाषाच नव्हे. मन हरवते म्हणून मद्य वर्ज्य.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. नागाला वश करणारा म्हणून त्याची मोठी ख्याती होती. कौशांबीच्या उपासकांनी त्याला घरोघर मद्य दिले आणि तो वेशीपाशी कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून विहारात आणले, तथागतांकडे डोके करून निजवले. तो वळला आणि त्याचे पाय तथागतांकडे झाले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, पूर्वी हा माझ्याशी आदराने वागत नव्हता काय? आता हा पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? त्याच प्रसंगी भिक्खूंसाठी मद्यपानाविरुद्ध नियम झाला. सागताला मद्य देणारे त्याचे वैरी नव्हते, श्रद्धावान उपासक होते! लग्नात, बारशात, आणि सांगायला लाज वाटते, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही पेला पुढे करणारे आपलेच असतात.

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला भगवंतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले: धनहानी, कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. धनहानी सर्वांत आधी. वहीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या मुलाचा बाप संध्याकाळी कुठे असतो, हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सतरावी दारूविषयीच आहे, आणि ती साध्या मराठीत आहे. अर्थ कळला नाही असे म्हणायला जागाच नाही.

पण केवळ प्रतिज्ञेची आठवण देऊन भागत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली की हात थरथरतात, झोप उडते, दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. हा शरीराचा धर्म आहे, मेंदूला दारूची सवय झालेली असते. पण घरात काय होते? कोणी म्हणतो बाधा झाली, भगताला बोलवा. दीक्षा घेऊन जो अंगारा आपण सोडला, तो या दाराने परत घरात येतो. कोणी म्हणतो, सोडल्यामुळेच आजारी पडला, थोडी द्या. कोणी नकळत चहातून द्यायच्या पुड्या आणतो. त्यांत काय असते कोण जाणे, त्या जिवावर बेतू शकतात.

तेव्हा अशा माणसाने दारू सोडायची ठरवली, तर आधी त्याला सरकारी रुग्णालयात न्यावे आणि रोज किती पितो ते डॉक्टरांना खरे सांगावे. सोबत विहारातील दोघांनी जावे, बायकोला एकटीला पाठवू नये. तो परत आला की वंदनेला आपल्या शेजारी बसवावे. आणि तो रुग्णालयात असेल तेवढे दिवस त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे उपासिकांनी जाऊन पाहावे.