रिकामी वर्दी

१९१७ सालचा उन्हाळा. साताऱ्याकडच्या एका गावात भरतीचा हवालदार आला आणि त्यानं चावडीच्या भिंतीवर चित्र डकवलं. वर्दी, बंदूक आणि रुपये. हे कोण घेणार, असा सवाल; उत्तरही तिथंच छापलेलं, जो ताबडतोब भरती होईल तो. (असं चित्र सरकारनं खरोखर काढलं होतं. वर्दीच्या आत माणूस दाखवायची गरज काही कुणाला वाटली नाही.)

पोरं पुढं सरकली. शिपायाला महिना ११ रुपये, आणि सावकाराचं देणं तर घरोघर.

चावडीवर नाना बसले होते. ११० व्या मराठा पलटणीतले, मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराहून दुखणेकरी म्हणून सुटून आलेले. हवालदाराला आयता साक्षीदार मिळाला.

"नाना, सांगा की पोरांना, फौजेत खायला काय मिळतं ते!"

"तुर्कांनी येढा घातला," नाना म्हणाले, "आन् दाणा सरत आला. सायबानं घोडी, खेचरं कापायला काढली. गोऱ्यांनी खाल्ली. आमी न्हाई. घोडं खाल्लं म्हनून गावात कळलं तर लेकीला कोन करून घेनार? हिरड्यांतनं रगात याया लागलं. हिंदुस्थानातनं धर्मगुरूंची परवानगी आली, तरी घास उतरंना. विमानातनं पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. शेवटी खाल्लं."

"हे कशाला सांगता?" हवालदार चिडला.

"तुमीच इचारलं, खायाला काय मिळतं."

तो वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. थोड्या आजाऱ्यांची सुटका झाली, बाकीच्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. त्यातले हजारो कैदेतच मेले.

एका पोरानं विचारलं, "नाना, पगार मिळाला का पन?"

"मिळाला."

पोरगं हवालदाराच्या मागं निघालं. नानांनी अडवलं नाही. त्याच्या बापाचं कर्ज त्यांना ठाऊक होतं. एवढंच म्हणाले, "पोरा, घोडं खायची येळ आली तर पयल्याच दिशी खा. गावाचं मी बघतो."

साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावचे ४६ जण त्या पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे.