निष्प्रतीकार हृदय आणि सल्लेखनेचा निकष

सांगली जिल्ह्यातील कृष्णा-वारणाकाठचा शेतकरी जैन समाज आणि सातारा जिल्ह्यातील फलटण हे दिगंबर परंपरेचे महाराष्ट्रातील दोन मोठे आधार होत. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचा कारभार सांगलीतून चालतो, तर आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेने ताम्रपटांवर कोरून घेतलेले धवलादी सिद्धान्तग्रंथ फलटणला जतन केलेले आहेत. सांगलीला लागूनच असलेल्या मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले आणि तेव्हापासून हे गाव तंबोऱ्याइतकेच दवाखान्यांसाठीही ओळखले जाऊ लागले. व्रताची परंपरा आणि शरीराची तपासणी अशी शेजारी नांदत असताना त्या दोहोंच्या सीमेवर एक प्रश्न उभा राहतो, तो असा की सल्लेखनेसाठी शास्त्राने घातलेली ‘रोग निष्प्रतीकार असावा’ ही अट हृदयरोगाच्या बाबतीत पुरी झाली आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवावे.

सल्लेखना म्हणजे काया आणि कषाय, अर्थात क्रोध, मान, माया व लोभ हे विकार, क्रमाक्रमाने कृश करीत आहार सोडणे आणि समभावाने देह ठेवणे. समन्तभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त तिचे चार प्रसंग सांगितले आहेत: उपसर्ग म्हणजे बाहेरून आलेले संकट, दुर्भिक्ष, जरा आणि रोग, मात्र या प्रत्येकावर काही उपाय चालण्याजोगा उरलेला नसला पाहिजे. त्याच ग्रंथात या व्रताचे अतिचार, म्हणजे व्रत मलिन करणारे दोषही दिले आहेत आणि जगण्याची लालसा व मरणाची लालसा हे दोन्ही दोष त्यांत एकाच पंक्तीला बसविले आहेत. आत्महत्या आणि सल्लेखना यांतील भेद परंपरा येथेच मानते. अर्थात मरणाची इच्छा दोष ठरत असेल, तर उपाय शिल्लक असताना तो नाकारणे हे संशयास्पद ठरते आणि म्हणून ‘निष्प्रतीकार’ या एका विशेषणावर सगळ्या व्रताची शुद्धता तोलली जाते.

आधुनिक वैद्यक या विशेषणाऐवजी आकडे देते. रक्तदाबाचे दोन अंक हृदय आकुंचन पावताना आणि सैल पडताना रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब सांगतात. ईसीजी हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख काढतो. अँजिओग्राफीत रोहिणीत रंगद्रव्य सोडून अडथळे पाहिले जातात. घोट्याजवळच्या दाबाला दंडातल्या दाबाने भागले असता येणारे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले, तर पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे समजतात. इको म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या चित्रणातून इजेक्शन फ्रॅक्शन मिळते: डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकले जाते, याचे हे माप आहे. मिरजेच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक ‘पंपिंग तीसवर आलंय’ म्हणतात ते यालाच. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० असते. घरच्यांच्या कानांना तीस हा आकडा निकालासारखा ऐकू येतो. परंतु तो ठरावीक दिवशीच्या, ठरावीक औषधांवर असलेल्या हृदयाचा आकडा असतो, आणि योग्य औषधांनी काही महिन्यांत तो वर आल्याची उदाहरणे हृदयरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात आढळतात.

असाध्यतेची रेषा काळाबरोबर सरकते, हे महाधमनीच्या झडपेच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. वयपरत्वे ही झडप चुना साठून ताठरते, तिचे तोंड तीन-चार चौरस सेंटिमीटरवरून एका चौरस सेंटिमीटरच्या आत येते, आणि दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही लक्षणे सुरू झाल्यावर उपचाराविना रुग्णाच्या हाती बहुधा थोडीच वर्षे उरतात. छाती उघडून शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद नसलेल्या ऐंशीच्या घरातील वृद्धाच्या बाबतीत हा रोग गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत शब्दशः निष्प्रतीकार होता. २००२ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅलन क्रिबिये यांनी रक्तवाहिनीतून नळी सरकवून नवी झडप बसविली आणि तोच रोग, त्याच वयात, सप्रतीकार झाला. तेव्हा निष्प्रतीकारता हा रोगाचा अंगभूत गुण मानता येत नाही. रोग, काळ, स्थळ आणि रुग्णाची ऐपत यांच्या संबंधातून ती निपजते. जत किंवा आटपाडीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला झडपेचा खर्च झेपत नसेल, तर त्याचा रोग कोणत्या रकान्यात घालावा? समन्तभद्रांनी रोगाच्या जोडीला दुर्भिक्ष ठेवले आहे, म्हणजे बाहेरची परिस्थितीही माणसाला निरुपाय करते हे त्यांना मान्य होते. परंतु दारिद्र्याने लादलेल्या निरुपायाला व्रताचे नाव देणे समाजाच्या फार सोयीचे असते, म्हणून अशा ठिकाणी आधी वर्गणी काढावी आणि मग शास्त्र काढावे, हेच धर्माला धरून होईल.

याच विचाराची दुसरी बाजू आचार्य शांतिसागरांच्या उदाहरणात दिसते. १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना घेतली आणि सुमारे पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. त्यांचे कारण हृदयाचे नव्हते. दृष्टी मंदावत गेल्याने ईर्यासमिती, म्हणजे पायाखाली जीव मरू नये म्हणून जमीन निरखीत चालण्याचा मुनीचा नियम, पाळणे अशक्य होत चालले होते. नेत्रवैद्याच्या दृष्टीने मंद दृष्टी हा प्राणघातक रोग नव्हे, पण मुनीच्या दृष्टीने जीवनाचा हेतूच त्यामुळे खुंटतो. निकष इंद्रियाच्या अवस्थेचा नसून व्रत पाळण्याच्या क्षमतेचा होता. हृदयाच्या मापनपद्धतींत या निकषाच्या सर्वांत जवळ येते ती यंत्राविना होणारी एक वर्गवारी. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये प्रथम मांडलेल्या या चार श्रेणींत रुग्णाला काय करता येते एवढेच विचारले जाते: पहिल्या श्रेणीत नेहमीच्या हालचालींनी त्रास होत नाही, दुसरीत थोडा होतो, तिसरीत साध्या हालचालींनीही दम लागतो आणि चौथीत बसल्या जागीही लागतो. गृहस्थाला तिसरी श्रेणी घरात बसून काढता येते. पायी विहार करणाऱ्या आणि दिवसातून एकदाच उभ्याने, ओंजळीत आहार घेणाऱ्या मुनीला ती आचारधर्माच्या मुळावर येते, कारण दिवसातून तीनदा घ्यायची गोळी त्याला त्या एकाच वेळी घ्यावी लागते. एकच हृदय श्रावकाच्या छातीत सप्रतीकार आणि मुनीच्या छातीत निष्प्रतीकार असू शकते, आणि यात तर्कदोष काही नाही.

तथापि वैद्यकाला बाजूला सारून केवळ अंतःकरणाच्या साक्षीवर विसंबावे, असा याचा अर्थ घेतल्यास मोठा घोटाळा होईल. हृदय अकार्यक्षम झाले की रक्त मागे तुंबते, यकृत आणि आतडी फुगतात, आणि अन्नावरची वासना उडते. डॉक्टर रुग्णाला पाठीशी उशा देऊन अर्धवट बसवितो, मान किंचित वळवून गळ्यातील नीलेची धडधड कोणत्या उंचीपर्यंत दिसते ते पाहतो, नडगीवर अंगठा दाबून तेथे खळगा राहतो का ते तपासतो. दोन्ही खुणा असतील तर साठलेले पाणी काढणारी औषधे देतो आणि पुष्कळदा काही दिवसांतच रुग्ण आपण होऊन भाकरी मागतो. ज्या अरुचीला घरच्यांनी कौतुकाने वैराग्य म्हटले होते, ती सूज होती. शिवाय दीर्घ हृदयरोगात औदासीन्य पुष्कळ रुग्णांना ग्रासते, आणि औदासीन्यातून येणारी मरणाची ओढ हाच तर शास्त्राने सांगितलेला अतिचार आहे.

विनोबा भावे यांचे प्रकरण या कसोट्यांवर तपासून पाहण्याजोगे आहे. तरुणपणी, १९१७ च्या सुमारास, त्यांनी वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदांचा व शांकरभाष्याचा अभ्यास केला होता. उत्तरायुष्यात सर्व जैन पंथांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा संग्रह त्यांच्याच प्रेरणेने तयार झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार चालू असतानाच त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इंदिरा गांधी येऊन गेल्या, डॉक्टरांनी आग्रह धरला, निश्चय ढळला नाही. रोगाच्या कलमाखाली हा निर्णय बसविणे कठीण आहे, कारण वैद्यांचे उपाय संपलेले नव्हते. जरेच्या कलमाखाली तो बसतो, कारण वार्धक्यावर उपाय नसतो आणि जीवितकार्य पुरे झाल्याची भावना त्यांच्या ठायी झटक्याच्या पुष्कळ आधीपासून होती. या प्रकरणात हृदयरोग निमित्त होता, कारण नव्हता. हा भेद न केल्यास विनोबांचे उदाहरण कोणत्याही झटका आलेल्या वृद्धाला लागू करण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे.

कायद्याने हा प्रश्न सोडविलेला नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीला बसविले आणि त्याच महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क व उपचार नाकारण्याचे पूर्वलिखित इच्छापत्र मान्य झाले, पण ते वैद्यकीय उपचारांच्या संदर्भात.

परंपरेने मात्र निर्णय एकट्या साधकावर कधीच सोपविलेला नाही. त्याला निर्यापकाचार्यांची, म्हणजे सल्लेखना पार पाडून देणाऱ्या आचार्यांची, अनुज्ञा लागते. शिवार्यांच्या ‘भगवती आराधने’त तर साधकाच्या सेवेसाठी ४८ निर्यापकांची योजना सांगितली असून अंग दाबणे, धर्मकथा ऐकविणे, आहारपानाची व्यवस्था पाहणे अशी कामे त्यांच्यात वाटून दिली आहेत. या मंडळात हृदयरोगाची जाण असलेल्या एका डॉक्टरची भर घालण्यास शास्त्राची आडकाठी दिसत नाही. अनुज्ञा देण्यापूर्वी त्याने एकदा गळ्यातील नीला आणि पायांवरील सूज पाहून घ्यावी, आणि त्याचे मत आचार्यांनी ऐकावे.