हमीच्या वेतनाची किंमत

व्यावसायिक खेळांच्या अर्थकारणात वेतनमर्यादा हे संघमालकांचे हत्यार आणि कराराची हमी हे खेळाडूंचे कवच मानण्याची रीत आहे. परंतु अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत मिळून खेळल्या जाणाऱ्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरील हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा, गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. या लीगमध्ये मर्यादा आणि हमी एकत्र नांदतात, आणि त्यामुळे एका खेळाडूला दिलेल्या हमीचे ओझे बव्हंशी मालकाच्या तिजोरीवर न पडता दुसऱ्या खेळाडूंच्या मिळकतीवर पडते.

ही व्यवस्था सहज आलेली नाही. मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला आणि १९१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर प्रथमच स्टॅन्ले चषक कोणालाही मिळाला नाही. जुलै २००५ मध्ये झालेल्या समझोत्यात खेळाडूंच्या संघटनेने वेतनमर्यादा मान्य केली आणि पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर ठरली. शिवाय चालू असलेल्या सर्व करारांतील वेतन २४ टक्क्यांनी कमी करण्यात आले. ही कपात डिसेंबर २००४ मध्ये संघटनेनेच देऊ केली होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. सह्या होऊन हमी मिळालेले करारसुद्धा सामुदायिक वाटाघाटीत बदलू शकतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

हमी या शब्दाचा येथील अर्थही मर्यादितच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूला काढून टाकले की कराराच्या उरलेल्या वर्षांचे हमी नसलेले वेतन बुडते. हॉकीत तसे होत नाही. खेळ खालावला म्हणून संघाला करार मोडायचा असेल, तर उरलेल्या वेतनाचा दोन तृतीयांश भाग, आणि खेळाडू २६ वर्षांहून लहान असेल तर एक तृतीयांश भाग, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून द्यावा लागतो. या तडजोडीला बायआउट म्हणतात. जायबंदी खेळाडूचा करार मात्र असा मोडता येत नाही. ज्या खेळात वेगाने येणाऱ्या धडका हा रोजचाच भाग आहे, तेथे हे संरक्षण न्याय्य आहे आणि ते टिकलेच पाहिजे. अडचण आहे ती या संरक्षणाचा हिशेब कोणाच्या नावावर लिहिला जातो याची.

मिनेसोटा वाइल्ड या संघाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. ४ जुलै २०१२ रोजी या संघाने झॅक परीझे आणि रायन सटर या दोघांशी प्रत्येकी तेरा वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे, अगदी सारखे करार केले. वेतनमर्यादेच्या हिशेबात कराराची वार्षिक सरासरी धरली जाते, प्रत्यक्ष त्या वर्षी दिलेली रक्कम नव्हे. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत भरपूर आणि शेवटच्या वर्षांत अगदी थोडे वेतन ठेवायचे, म्हणजे सरासरी खाली येते, अशी युक्ती त्या काळी अनेक संघ करत. जुलै २०२१ मध्ये संघाने दोघांचेही करार मोडले, तेव्हा शेवटच्या वर्षांचे देणे थोडे असल्यामुळे ते वाचवून सरासरीत फारशी घट झाली नाही, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही हंगामांत सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलरची जागा मिनेसोटासाठी न खेळणाऱ्या या दोन खेळाडूंच्या नावे अडकून पडली. २०२३-२४ ची मर्यादा ८ कोटी ३५ लाख डॉलर होती, म्हणजे तिचा सहावा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिक, रिकामाच गेला. मालकाला प्रत्यक्ष द्यावी लागलेली रक्कम यापेक्षा कितीतरी कमी होती. खरा फटका बसला तो मैदानात उतरणाऱ्यांना: २०२२ मध्ये त्या संघाने केविन फियाला या उत्तम आक्रमक खेळाडूला लॉस एंजेलिसकडे पाठवले, कारण त्याचे वाढीव वेतन मर्यादेत बसवणे शक्य नव्हते.

वेड रेडेन या बचावपटूची कथा याच नाण्याची दुसरी बाजू दाखवते. न्यूयॉर्क रेंजर्सने २००८ मध्ये त्याला सहा वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख डॉलर देऊ केले आणि २०१० मध्ये, मर्यादेतील जागा मोकळी करण्यासाठी, दुय्यम लीगमधील संघात धाडले. वेतन पूर्ण मिळत राहिले, मात्र सलग दोन हंगाम त्याला मुख्य लीगमध्ये खेळता आले नाही. कराराने पैशाची हमी दिली होती, खेळण्याची नव्हे. आणि ऐन उमेदीची वर्षे मोजकीच असलेल्या व्यवसायात हा तोटा लहान मानता येणार नाही. ही पळवाट लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०१३ च्या सामुदायिक करारात बरीचशी बुजवण्यात आली.

याच २०१३ च्या करारापासून हॉकीच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५० टक्के ठरला आहे. सर्वांच्या वेतनाची बेरीज या वाट्याबाहेर गेली, तर जादा रक्कम मालकांना परत करावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या वेतनाचा काही भाग आधीच राखून ठेवला जातो. या राखीव रकमेला एस्क्रो म्हणतात. करोनाच्या साथीत प्रेक्षकगृहे रिकामी पडली तेव्हा २०२०-२१ साठी हा दर २० टक्के ठेवावा लागला. भारतीय वाचकाला आयपीएलच्या लिलावातील संघनिहाय खर्चमर्यादा परिचित आहे. परंतु तेथे खेळाडूंची एकत्रित संघटना नाही आणि उत्पन्नातील ठरावीक वाट्याचा करारही नाही, त्यामुळे मर्यादा मंडळ ठरवते आणि वेतन परत करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हॉकीपटूंनी वाटा मिळवला, तसा उत्पन्नातील चढउताराचा धोकाही पत्करला.

यावर मोडलेल्या कराराची रक्कम मर्यादेबाहेर ठेवावी, असा उपाय सुचतो आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे; श्रीमंत संघ त्याचा गैरफायदा घेतील ही भीती खरी असली, तरी अशा सवलतींची संख्या ठरवून देता येते. २०१३ मध्ये प्रत्येक संघाला असे दोन करार मर्यादेचा भार न घेता मोडण्याची मुभा मिळाली होती. न्यूयॉर्क आयलँडर्सने गोलरक्षक रिक डिपिएट्रोशी २००६ मध्ये केलेला पंधरा वर्षांचा करार त्याच सवलतीत मोडला, आणि त्याला २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर मिळत राहतील असे ठरले. मात्र या सवलतीतही एक अट होती: अशा देण्यांचा भार त्या संघाच्या मर्यादेवर पडणार नव्हता, तरी ती सर्व खेळाडूंच्या सामायिक ५० टक्क्यांत धरली जाणार होती.