हाताशी काय ठेवावे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्या या पट्ट्यात दोन गोष्टी घडतात. मुले लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला नेतात. आणि सावरगाव व पांढुर्णा यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीवर गोटमार होते. एकीकडे बेगड, मणी, चिंध्या, दुसरीकडे दगड. दोन्हींसाठी सामान आधीपासून जमवलेले असते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

बैलाची झूल शिवायला लागते ते काय? जुन्या लुगड्याचा काठ, तुटलेल्या माळेचे मणी, चमकीचा कागद, सुईदोरा. हे प्रत्येक घरात असते. प्रश्न असतो तो ते कुठे ठेवले आहे, हा. कुठे ते कुलपाच्या पेटीत असते; मुलाने मागितले की उत्तर मिळते, ‘‘नासशील, राहू दे.’’ वर्षांनी पेटी उघडावी, तर सुई गंजलेली, दोरा कुजलेला, काठाला कसर लागलेली. ते सामान कुणी चोरले नाही, कुणी वापरलेही नाही. याला जपणे म्हणावे काय?

म्हणून सारे घरभर पसरून ठेवावे, असे नव्हे. पसाऱ्यात सुई सापडत नाही. सापडते ती पायाला. गोधडी शिवणाऱ्या बायांचे गाठोडे पाहावे. मऊ सुती कापड वेगळे, काठ वेगळे बांधलेले, सुई एका ठरावीक चिंधीत टोचलेली. ही नीटनेटकेपणाची हौस नव्हे. दुपारच्या कामातून उसंत मिळाली की तेवढ्यात चार टाके घालता यावेत, यासाठीची ती सोय असते. व्यवस्थेची खरी कसोटी हीच: ती वस्तूला हातापासून वाचवते, की हाताजवळ आणते?

पण हाताजवळ असणे हे तरी नेहमी भलेच काय? गोटमारीच्या आधी नदीकाठी दगडांचे ढीग पडतात. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठ झुंजतात आणि दरसाल शेकडो माणसे जखमी होतात. कित्येक जिवानिशीही गेली आहेत. दगड हाताशी नसते, तर ते इतके उचलले गेले असते काय? हा विचार प्रशासनानेही केला. २००१ च्या सुमारास दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवले गेले. लोकांनी ते बाजूला सारले आणि पुन्हा दगडच उचलले.

इथे माझा युक्तिवाद अडतो, आणि अडावाच. केवळ सामान बदलून हात बदलत नाही. हाताला आधी कशाची तरी गोडी लागलेली असावी लागते. ही गोडी मोठेपणी नदीकाठी वाटता येत नाही. ती लहानपणी घरात, जमिनीवर ठेवलेल्या टोपलीपाशी लागते. मणी सांडतील, कात्रीने चांगला काठ वाकडा कापला जाईल, एखादे बोट टोचेल. तेवढे नुकसान सोसण्याची तयारी म्हणजेच मुलावरचा विश्वास. कुलपाची पेटी कापड वाचवते आणि हा विश्वास गमावते.

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरच्या पेट्या खाली उतरतातच. झटकून, पुसून त्या परत वर चढवण्याआधी एक करावे: चिंध्यांचा आणि मण्यांचा डबा तेवढा खालीच राहू द्यावा, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर.