सरोवराचा तळ, अंतःकरणाचा तळ



दोन सख्खे भाऊ एकाच मशिदीत, एकाच इमामामागे नमाज अदा करतात. पण एक सफच्या उजव्या टोकाला, तर दुसरा मुद्दाम डाव्या टोकाला उभा असतो. नमाजच्या शेवटी सलाम फेरताना दोघांच्याही मुखातून शांतीची दुआ निघते आणि पायऱ्या उतरताना दोघेही मान वळवून निघून जातात. कारण विचारावे, तर जमिनीचा एखादा तुकडा किंवा लग्नात राहून गेलेले एखादे निमंत्रण! हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. भांडण नाही, आरडाओरड नाही. वरून सारे शांत आहे. या शांततेच्या खाली काय असते, हे समजून घेण्यासाठी अल्लाहच्या निर्मितीतील एका सरोवराकडे पाहू या.

आफ्रिकेत रवांडा आणि काँगो या देशांच्या सीमेवर किवू नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची कमाल खोली सुमारे ४८५ मीटर. पृष्ठभाग निळा व शांत. रात्री दिवे लावून कोळी मासे धरतात. पण साधारण ६० मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायू उरत नाही. तळाचे पाणी क्षारांमुळे जड झालेले असल्याने ते वरच्या पाण्यात मिसळत नाही. वर जे जे मरते, त्याचा काही अंश खाली बसतो. त्या काळोखात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव वस्ती करून आहेत. बुडालेल्या अवशेषांपासून आणि पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या वायूपासून ते मिथेन तयार करतात. अशा रीतीने तेथे सुमारे ६० घन किलोमीटर मिथेन आणि ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड विरघळून साठला आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वरच्या पाण्याच्या दाबाने तो खाली दडून आहे.

मग किनाऱ्यावरील लाखो लोक सुखाने श्वास कसे घेतात? एक तर हा दाब आहे. शिवाय, जेथे प्राणवायूचे पाणी संपते आणि काळोखाचे सुरू होते, त्या सीमेवर दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव राहतात. मिथेन हेच त्यांचे अन्न. खालून हळूहळू झिरपत येणारा बहुतेक मिथेन ते तेथेच संपवतात. सुब्हानल्लाह! कोणाला न दिसणारे हे पहारेकरी कोणी नेमले?

परंतु साठा फार वाढला आणि दाब ढळला, तर काय होते? कॅमेरूनमधील न्योस सरोवरात असाच कार्बन डायऑक्साइड तळाशी साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून दऱ्यांत पसरला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली. आदल्या दिवशी ते सरोवरही शांतच दिसत होते.

वाचकहो, अंतःकरणाचेही असेच आहे. एखादा टोमणा, एखादा अपमान आपण गिळतो आणि ‘विसरलो’ म्हणतो. तो विसरलेला नसतो, तळाशी बसलेला असतो. काळोखात तो कुजतो आणि त्याचा कीना होतो. लोकांना तो दिसत नाही. पण छातीत काय दडले आहे, हे अल्लाह जाणतो. कियामतच्या दिवशी संपत्ती व संतती कामी येणार नाही, निर्मळ हृदय घेऊन येणाराच तरेल, असे सूरह शुअरामध्ये सांगितले आहे.

मुस्नद अहमदमधील एक घटना प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका सहाबींना स्वर्गवासी म्हटले. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) त्यांच्या घरी तीन रात्री राहिले. त्यांना ना दीर्घ तहज्जुद दिसली, ना काही असाधारण इबादत. अखेर रहस्य कळले ते इतकेच, की त्या सहाबींच्या मनात कोणाविषयी द्वेष किंवा मत्सर नव्हता. पाहुण्यालाही न दिसणारे हे कार्य, सीमेवरच्या त्या पहारेकऱ्यांसारखे! दिवसभरात जे वर येईल, ते झोपण्यापूर्वीच संपवायचे. आपणही रोज रात्री अंथरुणावर हेच करावे: ज्याने दुखावले, त्याचे नाव घेऊन त्याला माफ करावे.

मात्र जो साठा वर्षानुवर्षांचा आहे, त्यासाठी एवढे पुरेसे नाही. न्योसमध्ये २००१ साली तळापर्यंत नळी सोडून वायू थोडाथोडा बाहेर काढण्यात आला. किवूच्या तळातील मिथेन वर आणून रवांडात वीज निर्माण केली जाते. जे घातक होते, त्याचाच उजेड झाला. जुन्या वैरालाही असाच मुद्दाम हात घालावा लागतो. भावाच्या दारी जावे लागते. तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला आपल्याला वैध नाही आणि दोघांत श्रेष्ठ तो, जो आधी सलाम करतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याने बहिणीचा वारसाहिस्सा दाबून ठेवला आहे, त्याने तिला ‘मन मोठे कर’ असा उपदेश करू नये. सूरह निसामध्ये ठरवून दिलेला तिचा हक्क त्याने आधी परत करावा, मग क्षमा मागावी. हक्क बुडवून मिळवलेली शांतता ही न्योसच्या पृष्ठभागाची शांतता आहे.

हा अंक मिटण्यापूर्वी एक नाव आठवा. ते आपल्याला ठाऊक आहे. येत्या जुम्याला सलाम फेरून झाल्यावर सफच्या त्या टोकापर्यंत चालत जा. अंतर फार नाही.

हे अल्लाह! ईमानधारकांविषयी आमच्या हृदयांत कोणताही कीना राहू देऊ नकोस. आमीन.