शीग कुणाची?

नेमबाजीच्या एका खेळात १२५ हा आकडा आहे आणि गेली काही वर्षं तो माझ्या डोक्यातून जात नाही. पिस्तुलाचं काडतूस वापरणाऱ्या लांब नळीच्या बंदुकीचा, म्हणजे कार्बाइनचा, हा खेळ. खेळाडू धावतो, आडोशामागून वाकतो, कागदाची आणि पोलादाची लक्ष्यं टिपतो. नेम आणि वेळ दोन्ही मोजले जातात. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आणि अमेरिकेतल्या यूएसपीएसएच्या नियमांत या गटासाठी गोळीचा जोर किमान १२५ असावा लागतो. जोर काढायची रीत सोपी आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, वेग सेकंदाला किती फूट तो घ्यायचा, गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचं. १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०१० फुटांनी सुटली तर १२५.२४, पास. १००० फुटांनी सुटली तर १२४, नापास. नापास झालेल्याला पुढे खेळू देतात, पण त्याचे गुण धरत नाहीत.

ही हद्द का लागते ते उघड आहे. जोर कमी तेवढा खांद्याला बसणारा धक्का कमी, नळी कमी उचलते आणि दुसरी गोळी लवकर व नेमकी जाते. हद्द नसती तर प्रत्येकाने जोर कमी करत नेला असता आणि बंदुकीचा खेळ गलोलीवर आला असता. म्हणून नियमाने रेघ ओढली. पण रेघ ओढली की दुसरं काहीतरी घडतं. सगळे रेघेच्या दिशेने सरकू लागतात. जी हद्द होती तीच लक्ष्य बनते. माझा प्रश्न इथून सुरू होतो. किमान जेवढं हवं तेवढंच देणारा माणूस प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण तो चांगला आहे का?

माझा भाचा अमेरिकेत हा खेळ खेळतो आणि काडतुसं स्वतः भरतो. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साच्यात दाबून पूर्ववत करायच्या, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. तिकडे हा गॅरेजमधला रीतसर छंद आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे भिलाईच्या घरात बसून मी हे सगळं फोनवर ऐकतो, इतकंच. ऐकायला मात्र आवडतं. माझी सगळी नोकरी पोलादाच्या चाचणीत गेली आणि त्याची भाषा मला ओळखीची वाटते.

मी त्याला एकदा विचारलं, हद्द १२५ असताना तू १३० वर का थांबतोस? ते वरचे पाच फुकट का घालवतोस? तो म्हणाला, “मामा, ते पाच माझे नाहीतच. थोडे हवेचे आहेत, थोडे त्यांच्या यंत्राचे आणि थोडे माझ्या हाताचे.”

हवेचे, कारण दारूवर ऊन-थंडीचा परिणाम होतो. एका ऋतूत भरलेलं काडतूस दुसऱ्या ऋतूत वेगळ्या वेगाने सुटू शकतं. यंत्राचे, कारण घरी वेग आपण आपल्या यंत्राने मोजतो, पण निकाल स्पर्धेतल्या यंत्राचा. आयपीएससीच्या रीतीप्रमाणे पंच खेळाडूकडून आठ काडतुसं घेतात, एक उघडून गोळी तोलतात आणि तीन स्वतःच्या यंत्रासमोर झाडून पाहतात. आणि हाताचे, कारण एकाच मापाने भरलेली दहा काडतुसं दहा वेगांनी सुटतात. सरासरी १०५० येईल, पण एखादं १०२० येतं, एखादं १०८०. ज्याचा फरक इतका पसरलेला आहे त्याने रेघेला खेटून जाणं हा जुगार आहे. ज्याची दहाही १०४५ ते १०५५ च्या आत बसतात, त्याला थोडं खाली उतरायचा हक्क मिळतो. हा हक्क पुंगळ्या निवडून, दारू पुन्हा पुन्हा तोलून, प्रत्येक गोळी सारख्याच खोलीवर बसवून कमवावा लागतो. भाचा ज्याला काडतूस ‘जुळवणं’ म्हणतो त्यातलं बरंचसं काम हे पसारा आवरण्याचं आहे.

म्हणजे रेघेजवळ उभी असलेली दोन माणसं बाहेरून सारखी दिसतात. एक कंजूस आणि एक उस्ताद. एकाने नुसतं कमी केलंय, दुसऱ्याने आधी स्वतःचा पसारा कमी केलाय.

आपल्याला जास्त ओळखीची नेमबाजी पॉइंट बावीसची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तो याच काडतुसाचा खेळ. ही काडतुसं घरी भरता येण्यासारखी नसतात. ठिणगी देणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत असतं आणि घोड्याच्या आघाताने ती कडच चेपते. म्हणून या खेळातले लोक जुळवत नाहीत, निवडतात. कारखान्याच्या एकेका घाणीतली काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघायची आणि जी घाणी गोळ्या सगळ्यांत जवळजवळ पाडते तिचीच पेटी घ्यायची. तिथेही पैसे मोजले जातात ते सारखेपणासाठी.

मराठीत या वरच्या पाचांना फार जुना शब्द आहे. मापट्यात धान्य ओतलं की काठाच्या वर जो उंचवटा राहतो, ती शीग. दुकानदाराने काठावरून हात फिरवून ती सपाट केली तरी माप खोटं ठरत नसे. शीग ठेवली तर गिऱ्हाईक लक्षात ठेवी. इथे छत्तीसगडात पौष पौर्णिमेला मुलं छेरछेरा मागत दारोदार फिरतात तेव्हा त्यांच्या झोळीत धान टाकताना कुणी मापटं आणत नाही. पण छेरछेरा वर्षातून एकदा येतो. बाकीचे दिवस मापाचे असतात आणि काठावर हात फिरवायचा की नाही हे रोज ठरवावं लागतं.

अमेरिकन विचारवंत लॉन फुलर यांनी १९६४ च्या पुस्तकात नीतीची एक मोजपट्टी कल्पिली होती. तळाशी समाज चालण्यासाठी लागणारी कर्तव्यं, वर माणसाच्या उत्कर्षाच्या आकांक्षा, आणि मध्ये कुठेतरी न दिसणारा काटा, जिथे कर्तव्य संपतं आणि आकांक्षा सुरू होते. काट्याखाली राहिलात तर दोषी. वर गेलात तर कौतुक, पण वर न गेल्याबद्दल शिक्षा नाही. ही मांडणी मला पटते, तरी भिलाईत राहून ती अपुरी वाटते. तिच्या हिशोबाने शीग म्हणजे उदारपणा. देणाऱ्याची मर्जी.

आमच्या गावात लोहमार्गाचे रूळ बनतात. इथून २६० मीटर लांबीचे जोडरूळ गाडीवर चढून देशभर जातात. वर्षानुवर्षं इथून गेलेल्या रुळाच्या एका जातीचं नावच ८८० आहे, आणि ते नाव त्याच्या किमान मर्यादेचं आहे. ओढून तोडताना त्या पोलादाने चौरस मिलिमीटरला निदान ८८० न्यूटनचा ताण सोसला पाहिजे. जुनी माणसं त्यालाच नव्वदचा रूळ म्हणत, कारण तो ताण साधारण नव्वद किलो भरतो. चाचणीत पोलादाचा तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढतात. ८८१ आलं तरी पास, ९२० आलं तरी पास. शिक्का एकच.

चाचणीची एक गंमत अशी की तपासलेला तुकडा कायमचा जातो. तो तुटलेला असतो, रुळात लागत नाही. रुळात लागतं ते न तपासलेलं पोलाद. पंचांनी झाडलेली तीन काडतुसंही संपलेली असतात. गुण मिळवायचे असतात ते उरलेल्यांनी. आपण ज्याच्यावर उभे राहतो ते नेहमीच न तपासलेलं असतं, आणि तपासलेलं त्याच्याच जातीचं होतं एवढ्या भरवशावर उभे राहतो. हा भरवसा आकड्यावर नसतो. तो बनवणाऱ्याच्या सारखेपणावर असतो.

इथे खेळ आणि रूळ यांची वाट वेगळी होते. भाच्याचं काडतूस १२४ ला पडलं तर त्याची फी, सुट्टी आणि प्रवास वाया जातात. नुकसान त्याचं, म्हणून शीग किती ठेवायची हे ठरवणंही त्याचं. तो उद्या १२६ वर उतरला तर मी त्याला धाडसी म्हणेन, वाईट म्हणणार नाही. रूळ कमी पडला तर नुकसान त्या रात्री वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाचं. त्याने ८८० हा आकडा ऐकलेला नाही, त्याला कुणी विचारलेलं नाही. कमी पडल्याचा भार ज्याच्यावर पडतो, शीग त्याची. इथे ती उदारपणा राहत नाही. ती त्याची ठेव असते आणि बनवणाऱ्याकडे फक्त सांभाळायला दिलेली असते. ती काढून घेऊन माप काठोकाठ भरलं तर पावती खरी असते, पण कुणाचंतरी काहीतरी गेलेलं असतं.

यावर माझ्याच धंद्यातून एक आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. जास्त म्हणजे चांगलं, असं पोलादात नसतं. कठीणपणा वाढवत नेला की ते लवचीकपणा गमावतं. म्हणून त्याच रुळाला तुटण्याआधी किमान दहा टक्के लांबण्याचीही अट आहे. विरघळलेल्या हायड्रोजनला तर उलट कमाल हद्द आहे, दहा लाखांत १.६ भाग, कारण त्याने रुळाच्या पोटात न दिसणाऱ्या चिरा पडतात. काडतुसातही दारू वाढवत नेली तर नळी फुटू शकते, आणि फारच कमी घातली तर गोळी नळीत अडकून पुढच्या गोळीला तेच होऊ शकतं. मग जखम शेजारी उभ्या असलेल्यालाही होते. म्हणजे खेळातसुद्धा शीग पूर्ण खेळाडूची नाही. टोकांना ती शेजाऱ्याची आहे. शीग म्हणजे आंधळं जास्त ओतणं नव्हे. दोन हद्दींच्या मध्ये, दोन्हींपासून राखलेलं अंतर, ही शीग.

दुसरा आक्षेप चाचणीवाल्याचा. तो म्हणतो, माझ्या हातात आकडा आहे. ८८१ ला मी नापास कसं करू? करू नये. नियमाबाहेर जाऊन नापास करणं हाही अन्यायच. पण त्याच्या हातात एक आकडा नसतो, आकड्यांची ओळ असते. एक ८८१ काही सांगत नाही. समजा, ९२०, ९१०, ९००, ८९०, ८८१ अशी ओळ आली, तर प्रत्येक तुकडा पास आहे आणि तरी काहीतरी बिघडतंय. एका आकड्यावरून कर्तव्य कळतं; नियत ओळीवरून कळते. ती ओळ भट्टीवाल्यांना दाखवणं कुठल्याही नियमाने सक्तीचं नसलं, तरी तेच त्याचं खरं काम आहे. शिक्का मारायला माणूस लागत नाही.

म्हणून किमान तेवढंच देणाऱ्या माणसाबद्दल मी आता दोनच गोष्टी विचारतो. तू रेघेजवळ आलास ते स्वतःचा पसारा आवरून, की नुसतं कमी करून? आणि कमी पडलंच तर पडणार कोण? दुसऱ्याचं उत्तर ‘मी’ असेल तर त्याला त्याचा खेळ खेळू द्यावा, हरला तरी तो त्याचा आहे. उत्तर दुसरं कुणी असेल, तर काठावरून हात फिरवण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं. आणि तो झोपलेला असल्यामुळे विचारता येत नसेल, तर हात फिरवू नये.